पाय उचलला की पंखा बंद

दीपमाला : आणि ताई, कुणी शूला गेलं तर? तेव्हापण हिला कळतं का?

मिनल : काय गं?

उत्कर्षा : विचारलं! ए पोरींनो, हिनं खरंच विचारलं गं!

दीपमाला : उत्कर्षा, गप बस. ताई, सॉरी हं. प्रश्न माझा नाहीये. त्या पलीकडच्या स्टॉलवर सोलर पंख्याच्या टोप्या घालून खिदळतायत ना, त्या आमच्या वर्गातल्या. त्यांनी पैज लावली होती की मी सगळ्यांसमोर हे विचारणार नाही. मागच्या वर्षीची मी असते तर नसतंच विचारलं. तेव्हा मी हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणतानासुद्धा पुटपुटायचे. आता मी वक्तृत्वात बक्षीस घेतलंय, आता काय घाबरायचं!

मिनल : छान केलंस. आणि प्रश्न वाईट नाहीये. कळतं ना. माणूस कशाला गेलं ते नाही कळत, गेलं एवढं कळतं. ही रबराची चटई कामाच्या टेबलापुढे टाकायची. तुम्ही उभ्या राहिलात की डोक्यावरचा पंखा आणि दिवा चालू. पाय उचलला की बंद. रिकाम्या जागेवर एक युनिटसुद्धा वाया नाही. ये, उभी राहून बघ.

दीपमाला : मला नका दाखवू ताई, हिला दाखवा. मी या चटईला लहानपणापासून ओळखते. म्हणजे माझ्या नाही, तिच्या लहानपणापासून. पहिली चटई आमच्या मोरीपुढच्या पायपुसण्याखाली होती. जुन्या वजनकाट्याची स्प्रिंग आणि बेलचं बटण. मम्मी कपडे धुऊन बाहेर आली की मोरीतला दिवा आपोआप बंद. मी आत असले की मुद्दाम बाहेरून पायपुसण्यावर पाय द्यायची ती.

उत्कर्षा : म्हणजे ही चटई काकांनी केलीय? मला वाटलं काकांचा नुसता फोटो लावलाय, दिसायला बरे हायेत म्हणून.

दीपमाला : वाच की पोस्टर. ‘कामगाराच्या कल्पनेतून.’ चष्मा, मिशी, छातीवर कायझेनचा बिल्ला. माझे पप्पा!

उत्कर्षा : कायझेन म्हंजी कराटेसारखं काय असतं का?

मिनल : नाही गं. कामगारानं कंपनीला सुचवलेली सुधारणा. जपानी शब्द आहे. आपल्या चाकणच्या पट्ट्यात दर कंपनीत कायझेनचा फळा असतो. पण थांब, तू रंगराव सरांची मुलगी? म्हणजे उद्या समया लावणारी तूच!

दीपमाला : मीच! पाच विजेच्या समया. मी चटईवर पाय ठेवला की एकदम लागणार. उद्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस, मोठे साहेब येणार, आणि स्टेजवरच सांगणार की पप्पा कायम झाले. इतकी वर्षं पप्पा कंत्राटी आहेत ताई. मी जन्मायच्या आधीपासून.

उत्कर्षा : आन् नावबी दीपमाला. साहेबांनी नावावरनंच निवडली हिला, वक्तृत्व-बिक्तृत्व काय न्हाई.

मिनल : मग तुला एक खास दाखवते. हा पडदा बघ. हे आपल्या निघोज्याच्या शेडचं चालू चित्र आहे, या क्षणाचं. एकेक चौकोन म्हणजे एकेक जागा. हिरवा म्हणजे माणूस उभा आहे. लाल म्हणजे जागा रिकामी.

दीपमाला : वायरिंगची शेड? जिथं गाड्यांच्या वायरी बांधतात? माझी मम्मी तिथंच आहे! कुठली तिची जागा?

मिनल : नावं नसतात यात. नुसत्या जागा.

दीपमाला : ती खिडकीजवळ उभी असते. खिडकी मिळाली म्हणून किती खूश होती! सगळ्यात शेवटची, कोपऱ्यातली.

मिनल : कोपऱ्यातली... ही आता राखाडी दिसतेय. राखाडी म्हणजे माणूस रजेवर.

दीपमाला : मग तीच! मम्मी आजारी आहे. ताप होता, पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. आता आलीय घरी.

मिनल : अगं, काय योगायोग बघ. मी दिवसभर लोकांना हीच जागा दाखवतेय. आमचं सगळ्यात चांगलं उदाहरण! हे बघ, मागे नेते. हे चटई बसवली तेव्हाचं. मध्ये मध्ये लाल, लाल, पुन्हा लाल. नंतर काही दिवस एकदम हिरवं, ते खोटं होतं. लोक चटईवर क्रेट ठेवून जायचे. मग नवी चटई आली. माणूस उभा असला तरी थोडा हलतो, क्रेट हलत नाही. वजन हललं नाही की चटई ओळखते. आणि ही सुधारणासुद्धा तुझ्या पप्पांचीच.

उत्कर्षा : काका म्हंजी डिटेक्टिव्हच निघाले.

मिनल : आणि आता बघ, नव्या चटईनंतर. कामाची पाळी सुरू झाल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत सलग हिरवं. जेवणानंतर सुटेपर्यंत सलग हिरवं. एकदाही लाल नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

दीपमाला : मम्मी! कसली ग्रेट आहे ही! उत्कर्षा, टाळ्या वाजव ना. ए, इकडे या गं सगळ्या, माझी मम्मी बघा पडद्यावर!

मिनल : सांग तिला, आमच्या स्टॉलची हिरोइन आहे म्हणून.

दीपमाला : ताई, लाल झालं तर काय होतं?

मिनल : जास्त वेळ लाल राहिलं की सुपरवायझरच्या मोबाइलवर मेसेज जातो.

दीपमाला : आणि मग?

मिनल : मग ते बघतात. ते आमच्याकडे नसतं. आम्ही फक्त विजेचं बघतो.

*

उत्कर्षा : खिडकीपाशी तू बस. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये मला मळमळतं, अन् बसमध्ये उलटी झाली तर नाना म्हणतील, पाटलाच्या नातीनं नाव घालवलं. आता ती पंख्याची टोपी काढ की, सगळी बस बघतेय.

दीपमाला : बघू देत. मस्त वारा येतोय. उत्कर्षा, तुला सगळ्यात काय आवडलं? मला ती सायकल. पॅडल मारलं की मिक्सर फिरतो. आमच्या चाळीत आणली तर सगळ्या बायका चटणी वाटून वाटून बारीक होतील.

उत्कर्षा : मला ही तिथं घेतलेली बाटली. थांब, आता बोलंल बघ. तासातासाला बोलती.

दीपमाला : काय बोलते?

उत्कर्षा : ऐक! ‘पानी पी लो, प्लीज पानी पी लो.’ अन् निळी पेटती. घे, तू पी पहिलं.

दीपमाला : अगं, ही मम्मीला पाहिजे! मम्मीची बाटली रोज भरलेली परत येते. जाताना मी भरून देते, संध्याकाळी तश्शीच्या तशी. मग ती झाडांना घालते. मी म्हणते सुद्धा तिला, मम्मी, बाटलीला कंपनी दाखवून आणतेस का तू?

उत्कर्षा : दिवसभर पाणीच पीत न्हाईत काकू?

दीपमाला : तिथं फिल्टरचं मिळतं म्हणे.

उत्कर्षा : मग बाटली नेत्यात कशाला?

दीपमाला : विचारते आज तिला.

उत्कर्षा : दीपे, एक विचारू? दवाखान्यात काकूंना काय झालतं?

दीपमाला : सांगितलं ना, ताप. थंडी वाजून ताप. पाठीत दुखत होतं.

उत्कर्षा : पाठीत म्हंजी बाजूला? कमरेच्या वर?

दीपमाला : हो. का गं?

उत्कर्षा : माझ्या आत्याला झालतं तसंच. किडनीचं. डॉक्टर तिला ओरडले होते, लघवी दाबून ठेवू नका, पाणी प्या. आत्या शाळेत शिक्षिका हाय, तिथं बायकांची सोयच नव्हती.

दीपमाला : मम्मीच्या शेडमध्ये आहे सोय.

उत्कर्षा : अगं, असंल. पण मगाशी त्या ताई काय म्हणल्या? सकाळपास्नं जेवणापर्यंत एकदाबी लाल न्हाई. जेवणापास्नं सुटेपर्यंत एकदाबी न्हाई. रोज.

दीपमाला : म्हणजे ती हललीच नाही जागेवरून.

उत्कर्षा : आन् आपण टाळ्या वाजवल्या.

दीपमाला : मी वाजवल्या. तू नाही, मी सांगितलं म्हणून वाजवल्यास तू.

उत्कर्षा : दीपे, टोपीचं बटण बंद कर ना. नुसती घुरघुरती ती डोक्यावर.

*

दुर्गाबाई : आलीस का? चप्पल भाईर काढ. आन् हे काय घातलंस टकुऱ्यावर? पंखा? तुज्या पप्पाचीच लेक तू. ये, मेथी निवडू लाग. कसं हाय परदर्शन? तुज्या पप्पाचा फोटू केवढा लावलाय, मोठा हाय का?

दीपमाला : मम्मी, तू कामावर पाणी पितेस का?

दुर्गाबाई : हे काय ईचारणं झालं? पिते की.

दीपमाला : बाटलीतलं?

दुर्गाबाई : बाटलीतलं कोमट पाणी कोण पिईल? तिथं फिल्टर हाय.

दीपमाला : मग बाटली कशाला नेतेस?

दुर्गाबाई : तू भरून देतीस म्हणून. कामून कोर्टात उभं केल्यावानी बोलायलीस?

दीपमाला : मम्मी, मी तुझी जागा बघितली. प्रदर्शनात पडदा आहे मोठा. त्यावर तुझी शेड दिसते. खिडकीजवळची जागा, सगळी हिरवी. दिवसच्या दिवस हिरवी.

दुर्गाबाई : माजी जागा? परदर्शनात?

दीपमाला : हो.

दुर्गाबाई : कोन कोन बघत होतं गं?

दीपमाला : सगळेच. येणारे-जाणारे. मी पोरींना हाका मारून बोलावलं. टाळ्या वाजवल्या मम्मी मी, मला वाटलं तू पहिली आलीस.

दुर्गाबाई : जाऊ दे. तुला काय ठाऊक. मेथी घे.

दीपमाला : नाही घेत. आधी सांग. डॉक्टरांनी तुला काय सांगितलं होतं? मला बाहेर पाठवलं होतंस तेव्हा.

दुर्गाबाई : बाईमाणसाचं दुखणं. समद्या बायांना होतं.

दीपमाला : उत्कर्षाच्या आत्याला झालं होतं. दाबून ठेवल्यामुळे.

दुर्गाबाई : त्या पाटलाच्या पोरीला घरोघरच्या खबरा! ...हाव. तेच झालं. आता गोळ्या चालू हायेत, बरं वाटायलंय, सोमवारी जायचं हाय कामावर. झालं तुजं समाधान?

दीपमाला : सोमवारी जाऊन पुन्हा तसंच उभी राहणार?

दुर्गाबाई : मग काय करू? तुला वाटतं मला हौस हाय? मोरी हाय शेडच्या पार त्या टोकाला. बायांना एकच. जेवणाच्या सुट्टीत निम्म्या बाया रांगेत आन् निम्म्या डबा खायला. रांगेत ऱ्हायलं तर डबा ऱ्हातो. मधीच गेलं तर डोक्यावरचा दिवा जातो. आख्ख्या लाईनीला दिसतं, ही गेली. लाल झालं की त्या सुपरवायझर दादाचा मोबाईल वाजतो. मग संध्याकाळी समद्यांच्या पुढं ईचारतो, मावशी, आज किती डाव गेलात? माज्या लेकरावानी पोर हाय ते.

दीपमाला : त्याला सांगायचं ना, हो गेले!

दुर्गाबाई : सांगितलं एकीनं. दुसऱ्या म्हैन्यात तिचं नाव नव्हतं. कंत्राटदार म्हणला, तुमची जागा लई लाल होती.

दीपमाला : मग तुम्ही काहीच केलं नाही?

दुर्गाबाई : केलं की. पहिलं शेजारणीनं तिचा येक पाय माज्या चटईवर ठिवायचा, मी पळत जाऊन यायचं. मग तिच्या वक्ताला माजा पाय. पर वायरी बांधायचा तक्ता एवढा लांब, तंगड्या फाकून हात पुरतो व्हय? येक बाई पडली. मग मी म्हणलं, क्रेट ठिवा.

दीपमाला : क्रेट तुझी आयडिया?

दुर्गाबाई : तुज्या पप्पालाच डोकं हाय का फकस्त? वायरीच्या बंडलानं भरलेला क्रेट, माज्याएवढाच वजनाला. गेलं, ठिवला. आलं, सरकवला. लई ब्येस चाललं होतं. बाया मला म्हणायच्या, दुर्गाबाई, तुमचाबी फोटू लावा फळ्यावर.

दीपमाला : आणि मग नवी चटई आली.

दुर्गाबाई : मग नवी आली.

दीपमाला : पप्पांची.

दुर्गाबाई : त्यास्नी काय ठाऊक गं. ते तिकडं चाकणच्या प्लांटात, मी इकडं निघोज्यात. साहेबांनी त्यास्नी सांगितलं, लाईनीवर चोरी व्हायलीय, लोक मशिनला फसवायलेत, रंगराव, तोड काढा. ह्यांनी काढली. त्या दिवशी पेढे घिऊन आले होते, आठवतं का तुला? जेवताना म्हणले, जिवंत माणूस हलतंय, क्रेट हलत न्हाई, येवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. तू हसलीस. मीबी हसले.

दीपमाला : तेव्हाच का नाही सांगितलंस?

दुर्गाबाई : पेढा तोंडात होता माज्या. ...हे बघ माले, ह्यातला येक शबूद त्यांच्यापुढं काढायचा न्हाई. उद्या ते कायम होनार. तुला ताथवड्याच्या कॉलेजात घालायचंय, आठवतं का? कंत्राटी माणसाला बँक कर्जाला दारात उभी करत न्हाई. उद्याचा दिवस जाऊ दे. शपथ घे माजी.

दीपमाला : शपथ नाही घेणार.

दुर्गाबाई : माले!

दीपमाला : खोटं बोलता येत नाही मला, चेहऱ्यावर दिसतं. तूच म्हणतेस.

दुर्गाबाई : पप्पा आले. गप बस आता. डोळे पूस.

रंगराव : आतल्या खोलीतला दिवा कोण जाळायलंय? दोघी भाईर, दिवा आत! मोरीचा पंखा चालू! आख्ख्या म्हाराष्ट्राची वीज वाचवायलाव आन् माज्याच घरात ही गत. बगा, बगा, कोट आणला. शेजारच्या जोशीकाकांच्या जावयाचा. खांद्यात जरा ढगळ हाय, पर साहेब शाल घालनार त्याच्यावरनं, झाकून जाईल.

दुर्गाबाई : ब्येस दिसतोय. काढा आता, चुरगळंल.

रंगराव : अगं, थांब की, लेकीला बघू दे. काय दीपामॅडम, गेलतीस ना स्टॉलवर? त्या मिनलताईंचा फोन आलता. म्हणल्या, तुमची मुलगी लई स्मार्ट, काय बी ईचारती बेधडक. काय ईचारलंस गं?

दीपमाला : शूला गेलं तर कळतं का, असं विचारलं.

रंगराव : हात्तिच्या! आन् मग?

दीपमाला : त्या म्हणाल्या, कळतं.

रंगराव : कळनारच. माणूस उतरला की पंखा बंद, मग तो कुटं का जाईना.

दीपमाला : पप्पा, तुम्हाला पंखाच बंद करायचा होता ना? फक्त पंखा?

रंगराव : मग दुसरं काय? जेवणाच्या सुट्टीत आख्खी शेड रिकामी आन् वरनं पंखे घराघरा. माज्या जिवाला लागायचं ते. आमच्या गावाला बारावीचा अभ्यास मी देवळाच्या दिव्याखाली केला, लाईटच नसायची. आन् इथं रिकाम्या खुर्चीला वारा? म्हणून केली चटई. साहेबांना सुदीक आवडलं म्हणूनच ना...

दीपमाला : आणि क्रेट?

दुर्गाबाई : माले, पप्पांना चहा टाक.

रंगराव : ऱ्हाऊ दे चहा. क्रेटाचं काय?

दीपमाला : क्रेट ठेवणारे चोर कोण होते, बघितलं होतं का तुम्ही?

रंगराव : मी कशाला बघू? साहेबांनी सांगितलं, बाया गप्पा मारायला जातेत, क्रेट ठिवून. आपलं काम प्रॉब्लेम सोडवायचं.

दीपमाला : मम्मी ठेवायची.

रंगराव : काय?

दीपमाला : गप्पा मारायला नाही. बाथरूमला जायला. तुमची नवी चटई आली आणि तिला जाता येईना, म्हणून तिनं पाणी प्यायचं बंद केलं. म्हणून ताप आला. म्हणून दवाखाना झाला. आणि पप्पा, प्रदर्शनात तिचीच जागा दाखवतायत सगळ्यांना. चांगलं उदाहरण म्हणून.

(रंगराव कोट न काढताच खाली बसतो.)

रंगराव : क्रेट तू ठिवायचीस?

दुर्गाबाई : समद्याच ठिवायच्या.

रंगराव : मी तुला ईचारलं. तू ठिवायचीस का?

दुर्गाबाई : हाव.

रंगराव : मला सांगितलं का न्हाईस? मी ईचारलं होतं तुला. पहिल्याच दिवशी ईचारलं, चटई कशी हाय म्हणून. तू म्हणलीस, पायाला मऊ लागते.

दुर्गाबाई : लागतेच की मऊ.

रंगराव : दुर्गे!

दुर्गाबाई : मग काय सांगू? इतक्या सालात कंपनीनं पहिल्यांदा तुमचं नाव घितलं. तुमी फळ्यावरच्या फोटूचा फोटू काढून गावाला धाडला. मी म्हणू, काढा ती चटई, मला मोरीला जायचंय?

रंगराव : डॉक्टर मला म्हणले, पाणी कमी पितेत का. मी म्हणलं, न्हाई हो, बाटली नेती रोज.

दुर्गाबाई : लेकरापुढं रडू नका आता. कोटाला डाग पडंल, दुसऱ्याचा हाय.

रंगराव : मी उद्या साहेबांशी बोलतो.

दुर्गाबाई : उद्या नगं!

रंगराव : उद्या म्हंजी... उद्या न्हाई. बरोबर हाय तुजं. उद्या कायम होऊ दे. कायम झालो की युनियनमधी जाता येतं. मग तोंड उघडायला जोर येतो. कंत्राटी माणूस बोलला तर गेटावरच्या वॉचमनला फोन जातो, ह्याला आत सोडू नको. कायम झालो की पहिलं काम हेच. चटई पंख्यापुरती ठिवा म्हणायचं. मोबाईलला जोडू नका म्हणायचं.

दीपमाला : आणि ते म्हणाले, नाही, तर?

रंगराव : मग दुसऱ्यांदा म्हणायचं.

दीपमाला : आणि तोपर्यंत मम्मी?

दुर्गाबाई : मी काढते की तेवढे दिवस. पाठ आता दुखत न्हाई येवढी.

दीपमाला : बघा! दोघांनी मिळून ठरवलं पण! मम्मी दाबून ठेवणार, पप्पा थांबून राहणार, आणि मी काय करायचं? हसायचं?

रंगराव : आवाज खाली घे. हितं वक्तृत्व नगं. तूच सांग मग, मी काय करू? उद्या स्टेजवर साहेबाच्या तोंडावर शाल फेकू? पर्वा कंत्राट बंद, तिचंबी, माजंबी. मग ह्या खोलीत कोण ऱ्हाऊ देतंय? बोल की. तुज्याकडं उत्तर हाय का?

दीपमाला : नाही.

रंगराव : मग?

दीपमाला : नाहीये उत्तर. स्पर्धेत शेवटच्या मिनिटाला असतं, तिथं पाठ केलेलं असतं. इथं मला काहीच येत नाहीये पप्पा. तुम्ही चुकीचं सांगताय असंसुद्धा मला म्हणता येत नाहीये.

दुर्गाबाई : ये हिकडं. माज्याजवळ बस. आगं, कुणाचीच चूक न्हाई ह्यात.

दीपमाला : असं म्हणू नकोस. असं म्हटलं की मग कुणीच काही करत नाही.

रंगराव : ...तुमी दोघी जेवा. मला भूक न्हाई.

दुर्गाबाई : भूक न्हाई म्हणून चालतं का? सकाळी लवकर निघायचं हाय. साहेबांची गाडी येनार म्हणले ना तुमी?

रंगराव : गाडी न्हाई, टेंपो येनार, समया घिऊन. त्याच्यात पुढं बसायचं आपण. ...दीपे, ऐक. उद्या तुला काय बोलायचं न्हाई, कुणाला काय सांगायचं न्हाई. साहेब बोलतील, ताई बोलतील. तू नुसतं चटईवर उभं ऱ्हायचं. समया लागल्या, टाळ्या झाल्या, की उतरायचं खाली. तेवढं कर. माज्यासाठी कर.

दीपमाला : पप्पा, मी ठरवलंय.

रंगराव : काय?

दीपमाला : मी उद्या येणार. तुम्ही म्हणता तसं कुणाला काही सांगणार नाही, माइकला हात लावणार नाही. तुम्हाला कायम केल्याचं सांगतील तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळ्या मी वाजवीन, कारण ते तुम्हाला मिळायलाच पाहिजे. मम्मी पण येणार, आणि तिच्या शेजारी मी पाण्याची बाटली घेऊन बसणार, आणि ती पिणार. पण समया दुसऱ्या कुणाकडून तरी लावून घ्या. मी चटईवर पाय ठेवणार नाही.

रंगराव : साहेब ईचारतील की, पोरगी कामून उभी राहीना.

दीपमाला : विचारू देत. तुम्हाला जे सांगावंसं वाटेल ते सांगा. मला नाही म्हणायचं काही.

दुर्गाबाई : अगं, पर बोलावलंय तुला स्टेजवर. नाव पुकारतील. मग तू उभी तरी कुटं ऱ्हाशील?

दीपमाला : पप्पांच्या शेजारी. खाली, फरशीवर.